मिशिगनची रोडमास्टर जर्मनीत आणायची असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बरीच वर्षं मिशिगनमध्ये काढल्यावर कंपनी आता तुम्हाला श्टुटगार्टला पाठवते आहे. दारात १९९४ ची ब्यूक रोडमास्टर इस्टेट वॅगन उभी आहे, दोन वर्षांपूर्वी हौसेने घेतलेली, आणि मुलांचा जीव तिच्यात अडकला आहे. विकून यावं की घेऊन यावं? आणली तर झेपेल का?

माझं उत्तर: घेऊन या, पण दोन अटींवर. गाडीची फ्रेम खालून धड हवी, आणि इथे तिला छपराखाली हक्काची जागा हवी. लोक घाबरतात ते कर, कागद आणि पेट्रोल यांना, पण त्या गोष्टी निस्तरता येतात. कुजलेली फ्रेम आणि नसलेली जागा यांच्यापुढे मात्र हौस टिकत नाही. मी स्वतः १९८५ ची शेव्हरोले कॅप्रिस वॅगन न्यू जर्सीहून इकडे आणली. श्टुटगार्टशेजारच्या लुडविग्सबुर्गजवळ राहतो आणि आजही तीच चालवतो, म्हणून हे ठामपणे सांगतोय.

आधी गंज. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं आणि तिथे गाडीची सक्तीची तपासणी नाही. त्यामुळे वरून चकचकीत आणि खालून पोखरलेली गाडी वर्षानुवर्षं बिनबोभाट चालते. इथे दर दोन वर्षांनी तपासणी असते, तिला सगळे नुसतं ‘ट्यूफ’ म्हणतात. तपासनीस गाडी लिफ्टवर घेतो आणि हातोडीने फ्रेम ठोकून बघतो. तुम्ही आजच एखाद्या गॅरेजमध्ये गाडी उचलून घ्या. मागच्या आक्सलवरून फ्रेम जिथे वर वळते ती जागा, बॉडी जिथे फ्रेमवर टेकते ते रबरी माउंट, दारांखालचे उंबरे, चाकांच्या कमानी आणि फ्रेमच्या कडेने मागे जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्या, हे सगळं दिवा घेऊन बघा. कुणी नुकताच काळा डांबरी थर फासला असेल तर तो खरवडून बघा. इथला तपासनीस ताज्या काळ्या थरावर आधी संशय घेतो, आणि ते बरोबरच आहे.

वरवरचा तांबूस गंज असेल तर चिंता नको. फ्रेमला भोक असेल तर वेल्डिंगचं काम निघण्याआधी तिकडेच करून घ्या, सगळ्या टप्प्यांचे फोटो ठेवा. ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या शंका असेल तर सरसकट बदला. ब्रेकसाठी तांबं-निकेलच्या नळ्या घाला, त्या गंजत नाहीत. तिकडे ही गाडी तोंडपाठ असलेला मेकॅनिक मिळतो, जंकयार्डात भाग मिळतात. इथे चांगले लोक आहेत, पण त्यांनी रोडमास्टर क्वचित उघडलेली असते.

आता पैशांचं. युरोपीय संघाबाहेर किमान १२ महिने राहिलेला माणूस इकडे राहायला येतो, तेव्हा किमान ६ महिने स्वतःच्या नावावर आणि वापरात असलेली गाडी तो घरसामान म्हणून आणू शकतो. तिच्यावर सीमाशुल्क नाही आणि आयात-व्हॅटही नाही. राहायला आल्यापासून १२ महिन्यांत ती आणावी लागते, आणि आणल्यावर १२ महिने विकता, भाड्याने देता किंवा उसनी देता येत नाही. तुम्ही यात चपखल बसता. तिकडचं टायटल (गाडीच्या मालकीचा कागद), नोंदणी, विम्याची जुनी पत्रं आणि नोकरीचा करार जपून ठेवा. (हा मार्ग काही कारणाने चुकलाच, तर तीस वर्षांवरच्या, मूळ स्थितीतल्या आणि उत्पादन थांबलेल्या गाडीला संग्राह्य वस्तू म्हणून आणता येतं. तेव्हा शुल्क शून्य आणि व्हॅट ७ टक्के.)

अमेरिकेतून निघताना टायटल सीमाशुल्क खात्याकडे किमान ७२ तास आधी पोचावं लागतं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं लेखी संमतिपत्र लागतं, म्हणून शक्यतो आधीच फेडून टाका.

जहाजाचे दोन मार्ग आहेत. बाल्टिमोरसारख्या बंदरात गाडी चालवत जहाजात चढवतात आणि जर्मनीतल्या ब्रेमरहाफेन बंदरात उतरवतात, हा स्वस्त पडतो, पण गाडीत सामान ठेवता येत नाही. कंपनी तुम्हाला ४० फुटी कंटेनर देत असेल तर गाडी त्यातच घाला, बाकीच्या जागेत घरसामान. मी तुम्हाला कंटेनरच सुचवेन, कारण मग सुटे भागही बरोबर येतात.

कुठले भाग? तुमच्या ५.७ लिटरच्या एलटी-१ इंजिनात डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) समोर, वॉटर पंपाच्या खाली बसतो. पंप गळू लागला की कूलंट थेट त्यावर ठिबकतं आणि इंजिन अडखळायला लागतं. हे या इंजिनाचं प्रसिद्ध दुखणं आहे. निघण्याआधी पंप आणि डिस्ट्रिब्युटर दोन्ही एकदमच बदला आणि एक जोडी पेटीत टाका. दारांची रबरं, मागच्या दाराच्या बिजागऱ्या आणि कुलूप, मागचा वायपर, दिव्यांच्या काचा, बाजूच्या लाकडी नक्षीच्या विनाइलच्या कडेच्या पट्ट्या, हेही घ्या. ब्रेक पॅड, फिल्टर, बेल्ट अमेरिकेतून मागवता येतात, त्यात जागा घालवू नका. दुर्मीळ होत चालली आहे ती काच. दुसऱ्या रांगेवरची छताची मोठी काच तडकली तर दुसरी शोधणं फार कठीण, तेव्हा प्रवासात ती नीट झाका. ही गाडी १९९६ च्या डिसेंबरात बंद झाली, टेक्सासमधला आर्लिंग्टनचा कारखाना ट्रक आणि एसयूव्हीकडे वळवला गेला, आणि फ्रेमवर बांधलेली मोठी अमेरिकन वॅगन त्यानंतर कुणी केली नाही. म्हणून जे मिळतंय ते आत्ताच गोळा करा.

ब्रेमरहाफेन ते श्टुटगार्ट जवळजवळ ७०० किलोमीटर आहे. नोंदणी नसलेली गाडी चालवत आणण्याच्या भानगडीत पडू नका, ट्रेलरवर आणा. बंदराजवळच दिव्यांचे बदल आणि तपासणी करून देणारे लोकही आहेत, तोही पर्याय विचारून बघा.

सगळ्यात जास्त प्रश्न दिव्यांचे येतात. तुमच्या गाडीला मागे ब्रेकचा आणि वळणाचा दिवा एकच, लाल. जर्मनीत १९७० नंतर पहिली नोंदणी झालेल्या गाडीला मागचे इंडिकेटर पिवळे लागतात. म्हणजे ब्रेक आणि इंडिकेटरचं वायरिंग वेगळं करायचं आणि पिवळा दिवा कुठेतरी बसवायचा. काही जण रिव्हर्सच्या खणात पिवळा बल्ब घालतात आणि रिव्हर्सचा दिवा बंपरखाली नेतात, काही जण छोटे स्वतंत्र दिवे लावतात. पत्रा न कापता होणारं काम करा, पुढे मूळ रूपात परतता आलं पाहिजे. पुढचे पार्किंगचे दिवे पांढरे लागतात, तुमचे पिवळे असतील. मागे धुक्याचा लाल दिवाही हवा, कारण १९९१ पासूनच्या गाड्यांना तो सक्तीचा आहे. माझ्या कॅप्रिसला ही अट लागली नाही, तुम्हाला लागेल. अमेरिकन हेडलाइटवर युरोपीय मान्यतेचं ‘ई’ चिन्ह नसतं. माझ्या गाडीला चार चौकोनी सील्ड बीम (काच, आरसा आणि बल्ब एकत्र बंद असलेले दिवे) होते, त्याच मापाचे ‘ई’ चिन्हाचे दिवे बाजारात मिळाले आणि काम झालं. तुमचे गाडीच्या आकारात घडवलेले आहेत, त्यामुळे तिथे प्रकाशाचा चाचणी-अहवाल किंवा अपवादाची परवानगी यांपैकी एक वाट काढावी लागेल. वाहतूक दोन्हीकडे उजवीकडूनच असल्याने झोत तरी योग्य बाजूला पडतो.

या सगळ्यासाठी माझा एकच आग्रह: गाडी येण्याआधी ज्या अभियंत्याकडून तपासणी करून घेणार त्याला भेटा. फोटो दाखवा, काय बदलू आणि काय ठेवू ते त्याच्याकडून लिहून घ्या. इथले अभियंते नियमाला चिकटून असतात, पण आधी विचारणाऱ्या माणसाला मनापासून मदत करतात. मागचं टो-हिच (ट्रेलर ओढायचा हुक) असेल तर काढून ठेवा, त्याला इथली मान्यता नसते.

गाडी तिशी ओलांडून गेल्यामुळे तुम्हाला नंबराच्या शेवटी ‘एच’ असलेली पाटी मिळू शकते. गाडी मूळ रूपात आणि चांगल्या स्थितीत आहे असा अहवाल त्यासाठी लागतो. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर बनावटीचा महिना आणि वर्ष असतं, त्याचा स्वच्छ फोटो काढा. या पाटीने फरक किती पडतो बघा: उत्सर्जन-वर्ग न मिळालेल्या पेट्रोल गाडीला वर्षाचा कर दर १०० सीसीला २५.३६ युरो, म्हणजे तुमच्या इंजिनाला जवळजवळ १,४७० युरो. ‘एच’ असेल तर सरसकट १९१.७३ युरो. शिवाय श्टुटगार्टसारख्या शहराच्या पर्यावरण-क्षेत्रात शिरायला कमी प्रदूषणाचं हिरवं स्टिकर लागत नाही. म्हणूनच मोठे रिम, रंगीत फिल्म, नवी सीटं असं काही आता करू नका. विनाइलचं लाकूड फिकटलं असेल तरी चालेल, पण फाटलं असेल तर तशाच नक्षीचं लावा.

जागेबद्दल लोक फार उशिरा विचार करतात. तुमची गाडी ५.५२ मीटर लांब आणि आरसे सोडून २.०३ मीटर रुंद आहे. इथल्या पार्किंगचा खण बहुतेक ५ मीटरचा. वजन दोन टनांच्या आसपास, त्यामुळे दोन गाड्या एकावर एक उभ्या करायची जी यंत्रं इमारतींच्या तळघरात असतात, त्यांतल्या बऱ्याचशा तुम्हाला बाद. घर बघायला जाताना टेप घेऊन जा आणि तळघराचा उतार, खांब, वळण मोजा. शहरात नाहीच जमलं तर आसपासच्या गावांत शेतकरी आपल्या कोठारात जागा भाड्याने देतात, मीही तशीच सुरुवात केली. थंडीत बॅटरीला बारीक चार्जर लावून ठेवायचा, टायरमध्ये हवा थोडी जास्त भरायची. हंगामी पाटी घेतली, उदाहरणार्थ एप्रिल ते ऑक्टोबर, तर कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा, पण बाकीचे महिने गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीही करता येत नाही. मी हंगामीच घ्या म्हणेन. मिठाच्या रस्त्यावरून सुटलेली गाडी पुन्हा मिठात घालायची कशाला? शिवाय २२५/७५ आर १५ मापाचे, डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेले हिवाळी टायर शोधण्याचा त्रासही वाचतो.

पेट्रोलची धास्ती नको. तुमच्या पंपावरचा ८७ ऑक्टेन म्हणजे इथल्या मोजणीत साधारण ९१, आणि इथला साधा सुपर ९५ आहे. हायवेवर १०० किलोमीटरला १० ते ११ लिटर, गावात १४-१५. जुन्या गाड्यांचा विमा स्वस्त असतो, पण रोजच्या वापराची दुसरी गाडी असावी लागते, वर्षाचे किलोमीटर ठरलेले असतात, आणि गाडीच्या किमतीचा अहवाल मागतात. तो अहवाल चांगला करून घ्या.

मुलांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. मागे तोंड करून बसायचा तिसरा बाक हाच त्यांचा जीव की प्राण असणार. इथे १२ वर्षांखालच्या आणि १५० सेंटीमीटरपेक्षा बुटक्या मुलांना चाइल्ड सीट सक्तीची आहे, आणि बहुतेक चाइल्ड सीट फक्त पुढे तोंड असलेल्या आसनांसाठीच मान्य असतात. तेव्हा उंची गाठेपर्यंत मुलं मधल्या रांगेत. कागदांत आसनसंख्या ८ लिहून घ्या मात्र, नंतर वाढवायला गेलं तर पुन्हा तपासणी येते.

लायसन्सचं: मिशिगनचं असेल तर परीक्षा न देता जर्मन लायसन्स मिळतं, पण परदेशी लायसन्सवर इथे फक्त पहिले ६ महिने चालवता येतं, म्हणून अर्ज लवकर टाका. तुम्ही लिहिलंय की वहिनींकडे फक्त पुण्याचं आहे. भारतीय लायसन्सवर लेखी आणि गाडी चालवण्याची दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. निघायला अजून अवकाश असेल तर त्यांनी मिशिगनचं काढून घेणं खूप सोयीचं. या लांब गाडीत दोघांनाही चालवता येणं हवंच, नाहीतर काळ्या जंगलातल्या (ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ भागातल्या) अरुंद वळणांवर एकाचेच खांदे भरून येतात.

लिफ्टवरचे फोटो काढलेत की मला पाठवा, आक्सलवरच्या वळणाचे दोन्ही बाजूंचे आणि ब्रेकच्या नळ्यांचे जवळून. ते बघून आणावी की नाही ते मी स्पष्ट सांगेन, आणि आणायची ठरली तर इथल्या अभियंत्याला काय विचारायचं ते जर्मनमध्ये लिहून देईन.