रिकाम्या सापळ्याची नोंद

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

बेटावरील संवर्धनाच्या कामाला स्वयंसेवक म्हणून जाण्याचा तुझा निर्णय वाचून समाधान वाटले. पत्रात तू दोनदा ‘पक्ष्यांना वाचवायला’ असे लिहिले आहेस. प्रत्यक्षात मात्र पक्ष्यांपेक्षा उंदरांसारख्या शिकाऱ्यांसाठी लावलेल्या सापळ्यांच्या लाकडी पेट्या, शिळी आमिषे आणि निसरड्या वाटा यांच्याशीच तुझा अधिक संबंध येईल, हे आधीच सांगून ठेवणे बरे.

हे काम का करावे लागते, ते न्यूझीलंडच्या उदाहरणावरून नीट कळते. वटवाघळे सोडली तर तेथे जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नव्हता. शिकारी होते ते पक्षीच आणि ते डोळ्यांनी शिकार शोधत. त्यामुळे धोका जाणवताच निश्चल उभे राहणे हा काकापो या न उडणाऱ्या पोपटाचा उत्तम बचाव ठरला होता. वासावर माग काढणाऱ्या उंदरांपुढे, मांजरांपुढे आणि सशांचा बंदोबस्त करण्यासाठी १८८० च्या दशकात मुद्दाम आणलेल्या स्टोट या मुंगसासारख्या छोट्या मांसाहारी प्राण्यापुढे तोच बचाव आत्मघाती ठरला. (पक्षिशास्त्राच्या जाणकारांनी तेव्हाच विरोध केला होता, तो ऐकला गेला नाही.) १९९५ मध्ये जगात अवघे ५१ काकापो उरले होते आणि ते टिकले, ते अशा शिकाऱ्यांपासून मुक्त केलेल्या बेटांच्या आश्रयाने.

आता मुख्य गोष्ट. सापळ्यांच्या फेरीत तुला बहुतेक वेळा काहीच सापडणार नाही. सापळा उघडायचा, घासून साफ करायचा, आमिष बदलायचे आणि नोंदवहीत ‘शून्य’ लिहायचे. महिन्याभरात या शून्याचा कंटाळा येतो आणि दूरच्या टोकावरचे दोन सापळे न पाहताच शून्य लिहून टाकण्याचा मोह होतो. हा मोह किती घातक आहे, हे एका उंदराने दाखवून दिले आहे. २००४ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी रेडिओ कॉलर लावलेला एक तपकिरी उंदीर मोटुहोरोपापा या साडेनऊ हेक्टरांच्या उंदीरमुक्त बेटावर अभ्यासासाठी मुद्दाम सोडला. सापळे, आमिषे, प्रशिक्षित कुत्रे असे सारे उपाय करूनही तो हाती लागेना. पुढे तर तो ४०० मीटर समुद्र पोहून शेजारच्या बेटावर गेला आणि सोडल्यापासून १८ आठवड्यांनी पेंग्विनच्या मांसाचे आमिष लावलेल्या सापळ्यात सापडला. तो कोठे आहे हे बराच काळ रेडिओवरून कळत होते, तरीही ही गत. मग ज्याचा कोणालाच पत्ता नाही, असा उंदीर तुझ्या न पाहिलेल्या सापळ्याजवळ असेल तर? शाईच्या पट्टीवरून उमटलेले पाऊल किंवा मेणाच्या तुकड्यावरचे दातांचे व्रण हीच त्याची पहिली खबर असते. म्हणून पाहिलेले शून्य आणि गृहीत धरलेले शून्य यांत कधीही गल्लत करू नकोस. सापळा तपासायचा राहून गेला, तर तसेच स्पष्ट लिही. त्यात कमीपणा नाही.

मेलेला प्राणी सापळ्यातून काढताना तुला वाईट वाटेल. वाटू दे. माणसानेच आणून सोडलेल्या जिवाचा द्वेष करण्याचे कारण नाही, आणि त्याच्यासोबत छायाचित्रे काढून मिरवणे तर मला मुळीच पटत नाही. मारणे अटळ असेल, तर ते झटपट आणि विनायातना व्हावे, यासाठीच सापळ्याची स्प्रिंग वेळोवेळी तपासायची असते. आणखी एक: एखादा प्राणी नकोसा दिसला, म्हणून स्वतःच्या मनाने काही करू नकोस. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांच्या दरम्यानच्या मॅक्वारी बेटावरील मांजरांचा २००० पर्यंत नायनाट झाला, पुढे सशांची संख्या बेसुमार वाढली आणि त्यांनी उतारांवरची वनस्पती फस्त केली; ससे, काळे उंदीर आणि लहान घरउंदीर यांच्याविरुद्ध एकत्रित मोहीम राबवल्यानंतर २०१४ मध्ये ते बेट मुक्त जाहीर झाले. कोणाला आधी हटवायचे, हा निर्णय अनुभवी माणसांवर सोपव.

निघण्यापूर्वी सामान बंद खोलीत पूर्ण रिकामे करून पुन्हा भर. पिशवीची शिवण, बुटांचे तळवे आणि मोज्यांत अडकलेली बीजे तपास. बोटीवर चढताना कोणी पुन्हा तपासणी केली, तर तो अविश्वास समजू नकोस. सोबत शाईच्या पेनाऐवजी पेन्सिल घे. पावसात भिजलेल्या वहीतही तिचे अक्षर टिकते.

पहिल्या महिन्याच्या नोंदी जमल्यास मला पाठव.

कळावे.