चाळीस डॉलर भरण्याआधी

प्रश्न : एम.एस्सी.चा प्रकल्प ठाणे खाडीतल्या तिवरांवर आहे. गूगल स्कॉलरवर शोधनिबंध दिसतात, पण उघडले की सारांश तेवढा मिळतो आणि पुढे चाळीस डॉलर मागतात. काय करावं? – विद्यार्थिनी, ऐरोली

पैसे भरू नका. प्रकाशकाच्या पानावर कुलूप असलेला निबंध बऱ्याचदा दुसरीकडे रीतसर मोफत ठेवलेला असतो. स्कॉलरमध्ये निबंधाचं पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत टाका. निकालाच्या उजवीकडे पीडीएफचा दुवा नसेल, तर खालच्या ओळीतलं ‘ऑल व्हर्जन्स’ उघडा. लेखकाच्या विद्यापीठाच्या संग्रहातली प्रत तिथे सापडते. संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये ‘अनपेवॉल’ हे एक्स्टेंशन टाकून ठेवा. निबंधाच्या पानावर हिरवं उघडं कुलूप आलं, की त्यावर क्लिक केल्यावर मोफत प्रत उघडते. मात्र ते डीओआयवर, म्हणजे निबंधाच्या कायमच्या ऑनलाइन ओळख-क्रमांकावर चालतं, त्यामुळे डीओआय नसलेल्या जुन्या निबंधांना त्याचा उपयोग नाही.

अशी प्रत अनेकदा लेखकाची अंतिम टंकलिखित असते. मजकूर तोच, पण पृष्ठक्रमांक वेगळे. संदर्भ देताना अंक आणि पानं छापील आवृत्तीचीच द्या.

हे करता करताच कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा : ‘आपल्याकडे एन-लिस्ट आहे का?’ गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालयं जोडणाऱ्या केंद्राची, नियतकालिकं ऑनलाइन वाचायला देणारी ही योजना अनेक अनुदानित महाविद्यालयं घेतात, आणि विद्यार्थ्यांना त्याचा पत्ताच नसतो. युजर आयडी ग्रंथालयातूनच मिळतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे आयडी हातात असूनही गूगलवरून थेट प्रकाशकाच्या साइटवर जाणं. त्या साइटला तुम्ही कोण हे कळत नाही आणि पुन्हा डॉलर पुढे येतात. आधी एन-लिस्टमध्ये लॉगिन करा आणि तिथल्या यादीतून नियतकालिकात शिरा. सरकारी संस्थेत शिकत असाल तर ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’बद्दलही विचारा. १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं त्यातून खुली झाली आहेत. खासगी कॉलेजांसाठी ती योजना नाही.

एवढं करूनही अडलंच, तर संपर्क-लेखकाला, म्हणजे निबंधावर ज्याचा पत्ता दिलेला असतो त्याला, ई-मेल करा. चार ओळी पुरेत : तुम्ही कोण, प्रकल्प कशावर, कोणता निबंध हवा. एका वेळी एकच मागा. दहा निबंधांची यादी धाडली की उत्तर येत नाही. मेल परत आला तर समजावं, लेखकाने संस्था बदलली. मग सहलेखक पाहा, बहुधा त्यांतच मार्गदर्शक असतात.

प्रश्न : ठाणे खाडीवरचं जुनं संशोधन सापडतच नाही. झालंच नव्हतं का? – वाचक, कळवा

झालं होतं, स्पेलिंग वेगळं होतं. जुन्या इंग्रजी लिखाणात ठाण्याचं स्पेलिंग ‘Thane’ नसून ‘Thana’ आहे. दोन्ही रूपं मध्ये मोठ्या अक्षरांत ‘ऑर’ (OR) घालून शोधा. नुसतं ‘मॅन्ग्रोव्ह’ टाकलं तर जगभरचा गाळ वर येतो; त्याऐवजी शास्त्रीय नाव टाका. तिवरासाठी ‘एव्हिसेनिया’ (Avicennia). उल्हास नदीच्या मुखावरचे निबंधही चाळा, पाणी एकमेकांत मिसळलेलंच आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलचे जुने खंड ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’वर मोफत आहेत. ते स्कॅन केलेले असल्यामुळे शब्द टाकून शोधताना काही नावं निसटतात. अनुक्रमणिका डोळ्यांनी बघावी लागते.

आणि ‘शोधगंगा’ विसरू नका. पीएच.डी.चे प्रबंध तिथे प्रकरणवार, वेगवेगळ्या फायलींत असतात. आधी शेवटची, संदर्भसूचीची फाइल उतरवा. तुमच्या विषयावरचा कुणीतरी चार-पाच वर्षं खपून केलेला शोध त्या एका फायलीत असतो. मग त्यातला एखादा महत्त्वाचा निबंध स्कॉलरवर काढून त्याखालचं ‘साइटेड बाय’ उघडा, की त्यानंतरचं काम पुढे येतं.

प्रश्न : ‘आर्काइव्ह’ (arXiv) या संकेतस्थळावरचा निबंध प्रकल्पात चालतो का? – अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नेरूळ

चालतो, पण तिथे सहसा समीक्षेआधीची, म्हणजे नियतकालिकाच्या तज्ज्ञांनी तपासण्याआधीची प्रत असते. ती नंतर कुठे छापून आली का हे शीर्षक टाकून बघा. आली असेल तर छापील आवृत्तीचा संदर्भ द्या, आणि आकडे दोन्हींत तेच आहेत ना, ते ताडून घ्या. समीक्षकांच्या शेऱ्यांनंतर तक्ते बदललेले असू शकतात.