निब 'रुळते' म्हणजे नक्की कोण रुळतं?

प्रश्न असा आलाय की आजोबा म्हणायचे "निब रुळलीय, पेन कुणाला देऊ नकोस", तर निबला 'रुळणे' लावणं बरोबर का, आणि झरणी म्हणजे निबच ना?

आधी झरणीचं उरकतो. झरणी म्हणजे अख्खं फाउंटन पेन, आतली शाई आपोआप झरते म्हणून. दौतीत बुडवून लिहायचा तो टाक, आणि त्याआधीचा बोरू, ज्याला चाकूने कत द्यायचे, म्हणजे टोक तिरपं कापायचे (देवनागरीचा कत रोमनच्या उलट बाजूला तिरका, हे कॅलिग्राफी शिकताना मला फार उशिरा कळलं).

आता रुळणे. शब्द चपखल आहे, पण रुळतं कोण? चांगल्या निबच्या टोकाला कठीण धातूचा बारीक दाणा जोडलेला असतो, आपण सवयीने त्याला इरिडियम म्हणतो पण हल्ली बहुतेक ऑस्मियम, रुथेनियमचे मिश्रधातू असतात, आणि तो झिजायला वर्षं लागतात, म्हणजे पहिल्या महिन्यात खरं तर आपला हातच रुळतो, कोन सापडतो. पण शाळेतल्या स्वस्त निबला दाणाबिणा काही नसायचा, स्टीलचंच टोक दाबून गोल केलेलं, ते खरंच आपल्या धरण्याप्रमाणे झिजायचं आणि दुसऱ्याच्या हातात खरखरायचं. आजोबा चुकत नव्हते.

शिवाय पेन न देण्याचं आणखी एक कारण, बॉलपेनची सवय असलेला माणूस दाबून लिहितो. निबच्या मधल्या चिरेतून शाई उतरते ती केशाकर्षणाने, चीर टोकाकडे फाकली की शाई तिथपर्यंत पोचतच नाही. माझं पेन एकदा असंच उसनं जाऊन परत आलं, भिंगाखाली बघितलं तर चिरेच्या दोन बाजूंच्या पाकळ्यांपैकी एक दुसरीपेक्षा दोऱ्याएवढी वर! नखाने हळूच दाबून बसवली, चिरेत ब्लेड घातलं नाही (शाळेत तेच करून किती निबा वाया घालवल्या).

आणि सगळा दोष निबला देऊ नका हो. निबखालची ती काळी खाचांची पट्टी, जीभ, शाई खाली सोडते आणि तेवढीच हवा वर घेते. फाउंटन पेनवाल्या वॉटरमनचं १८८४चं गाजलेलं पेटंटही या जिभेचंच होतं, निबचं नव्हे. पेन 'ओकतं' तेव्हाही निब बिचारी निर्दोष असते, अर्धं रिकामं पेन खिशात तापतं, आतली हवा फुगून शाई ढकलते आणि जिभेला ती आवरत नाही. जीभ म्हटल्यावर ओकणं आलंच.