हफ्तारा म्हणजे हप्ता का?

प्रश्न असा आला आहे : ज्यू लोक सिनेगॉगमध्ये (त्यांच्या प्रार्थनास्थळात) दर शनिवारी तोराचा (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांचा) ठरलेला भाग वाचतात आणि त्यामागून 'हफ्तारा' वाचतात. दर आठवड्याचं वाचन म्हणून हफ्तारा, म्हणजे हा आपला हप्ताच ना?

नाही. मोह पडावा असं साम्य आहे खरं, पण नातं काहीच नाही. हप्ता आला फारसी 'हफ्त'वरून, म्हणजे सात. संस्कृत 'सप्त'चा तो सख्खा भाऊ. हफ्तारा हिब्रू. त्याच्या पोटात प-त-र हा धातू आहे (हिब्रूत 'प'चा बऱ्याचदा 'फ' होतो). अर्थ : संपवणं, निरोप देणं. त्यात तोराही नाही बरं का. तोराचा 'त' आणि हफ्ताराचा 'त' ही हिब्रूत दोन वेगळी अक्षरं, देवनागरीत आपण दोघांना एकच टोपी घालतो.

आठवड्याच्या भागाचा शब्द वेगळाच, 'पाराशा'. अशा एकूण 54. त्यांना 'अध्याय' म्हणू नये. पहिली पाराशा 'उत्पत्ती' या तोराच्या पहिल्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आठव्या वचनापाशीच थांबते, कारण अध्याय मागाहून ख्रिस्ती विद्वानांनी पाडले.

पाराशा झाली की संदेष्ट्यांच्या (देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्यांच्या) ग्रंथांतला उतारा वाचून त्या दिवसाचं वाचन संपवायचं, तो हफ्तारा. उतारा उगाच उचललेला नसतो. 'हाये सारा' (साराचं आयुष्य) ही पाराशा घ्या. नाव आयुष्याचं, सुरुवात मात्र साराच्या मृत्यूने, वयाच्या 127व्या वर्षी! पुढे तिचा नवरा अब्राहाम याच्याबद्दल येतं, 'झाकेन बा बयामीम' : म्हातारा, दिवसांत पुढे गेलेला. त्या शनिवारचा हफ्तारा उघडतो दाविद राजापाशी. कितीही पांघरुणं घातली तरी त्याला ऊब येत नाही, आणि त्याचंही वर्णन 'झाकेन बा बयामीम' असंच. ऐकणाऱ्याच्या कानात मघाचा अब्राहाम अजून असतोच.

मराठीत हफ्ताराला काय म्हणावं? मी 'सांगता' म्हणेन. तिच्यातही आपल्याला उगाच 'सांगणं' ऐकू येतं. मूळ आहे स-अंग, सगळ्या अंगांसह पूर्ण झालेलं.