घरच्या घरी ध्यान आणि स्वसंमोहन जमेल का?

तुम्ही विचारलंय, नाशिकच्या सातपूरहून शिफ्ट संपवून घरी आल्यावर डोकं शांत होत नाही, तर क्लास न लावता ध्यान किंवा स्वसंमोहन जमेल का. जमेल. मी सिडकोत राहतो, रोज रात्री करतो.

ध्यानाचं सोपं आहे. ताठ बसा, नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास बघा. मन भरकटणारच, लक्षात आलं की परत या. ते परत येणं हाच सराव. सुरुवातीला 10 मिनिटं पुरे.

स्वसंमोहन म्हणजे स्वतःच स्वतःला सूचना देऊन शरीर-मन सैल करणं. त्याला लोक उगाच घाबरतात. त्यात शुद्ध हरपत नाही, हवं तेव्हा डोळे उघडता येतात. जर्मन डॉक्टर योहानेस शुल्ट्झ यांनी 1932 साली मांडलेली पद्धत मला भावली. चटईवर आडवे व्हा, मनात सावकाश म्हणा, ‘माझा उजवा हात जड झालाय.’ पाच-सहा वेळा. मग डावा, मग पाय. नंतर तसंच ‘हात उबदार झालाय.’ जोर लावू नका. मला आठवडाभर काहीच जाणवलं नाही. मग एका रात्री बोटांच्या टोकांत ऊब उतरली. खाली रिक्षाची घरघर ऐकू येत होती, पण टोचत नव्हती. उठताना मुठी वळा, हात ताणा, खोल श्वास घ्या, मगच डोळे उघडा.

गाडी चालवताना चुकूनही नको. मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

ध्यान नीट शिकायचं तर इगतपुरीचं धम्मगिरी हे ध्यानकेंद्र आपल्या जवळच आहे. 10 दिवसांचं विपश्यना शिबिर, फी नाही, दानावर चालतं. तिथे मात्र स्वतःला सूचना देणं नसतं, नुसतं बघणं असतं. तेव्हा दोन्हींची सरमिसळ करू नका.