फोटो घरी आणा, मेल नको

प्रश्न : फोटो आणि मेलमुळे गूगलची १५ जीबी भरली. दर महिन्याला पैसे भरण्यापेक्षा जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून फोटो, फायली, पासवर्ड, ईमेल सगळं घरीच चालवावं म्हणतो. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : फोटोंपासून करा. 'इमिच' हे फोटो सांभाळणारं सॉफ्टवेअर बसवा. मोबाइलमधले फोटो आपोआप घरच्या मशीनवर उतरतात, चेहऱ्यावरून शोधताही येतात. माझ्या घरी आईसुद्धा ते सहज वापरते. फायली सगळ्या उपकरणांवर सारख्या ठेवायला 'सिंकथिंग' पुरे. फायली, कॅलेंडर सगळं एकत्र देणाऱ्या 'नेक्स्टक्लाउड'चा पसारा एवढ्यासाठी कशाला? वीज गेली, मशीन दिवसभर बंद राहिलं, तरी अडेल ते तुमचंच.

ईमेल मात्र घरी आणू नका, हे हात जोडून सांगतो. तुमची मेल पोचणं समोरच्याच्या हातात असतं. अनेक घरगुती कनेक्शनवर २५ नंबरचा पोर्ट, म्हणजे सर्व्हरने मेल पाठवायची वाट, बंद असतो. आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या कनेक्शनचा क्रमांक) बदलत राहणारा, कित्येकदा तर एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला. स्पॅम रोखण्यासाठी याद्या ठेवणाऱ्या 'स्पॅमहाउस' संस्थेकडे अशा घरगुती पत्त्यांची वेगळी यादीच आहे, आणि ती बघून कित्येक सर्व्हर मेल दारातूनच परत पाठवतात. उलटा डीएनएस (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) इंटरनेट कंपनीच्या ताब्यात, आणि फेब्रुवारी २०२४पासून जीमेल तोही तपासतं, शिवाय मेल खरोखर तुमच्याच डोमेनची आहे हे पटवणारं एसपीएफ किंवा डीकिमही मागतं. एवढं सगळं जमवलंत तरी मेल स्पॅममध्ये पडली की तुम्हाला कोणी कळवत नाही. मुलीच्या कॉलेजला कागद पाठवून तुम्ही उत्तराची वाट बघत बसाल.

त्यापेक्षा स्वतःचं डोमेन (ईमेल पत्त्यात @ नंतर येणारं नाव) घ्या आणि मेल पैसे घेणाऱ्या एखाद्या चांगल्या कंपनीकडे ठेवा. उद्या कंपनी बदललीत तर एमएक्स नोंद (डोमेनची मेल कुठे पोचवायची ते सांगणारी) बदलायची, पत्ता तोच. खरी मालकी इथे आहे, आणि ती मला सर्व्हरपेक्षा मोलाची वाटते. फक्त डोमेनच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नका. डोमेनची मुदत संपली तर ते सोडवायची मेलही येणार नाही.

पासवर्डसाठी 'व्हॉल्टवॉर्डन' उत्तम, पण सगळ्यात शेवटी. आधी फोटोंचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर खरोखर उतरवून, उघडून बघा. ती डिस्क नातेवाइकांकडे ठेवा. आणि बाहेरून फोटो बघायचे म्हणून राउटरचे पोर्ट उघडू नका. तुमच्याच उपकरणांना आपसात खासगी जोडणारं 'टेलस्केल' टाका, वाटलेल्या आयपीवरही चालतं.