वाट सोड

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. रिसॉर्टवर नॅचरलिस्ट म्हणून, म्हणजे पाहुण्यांना सफारीत जंगल दाखवायला, लागून आठ महिने झाले आणि वाघ दिसला नाही की जेवणाच्या टेबलावर तूच गुन्हेगार ठरतोस. 'हे संवर्धन आहे की तमाशा, आणि मी यात राहू का?' असं विचारतोस. जंगल का जपायचं हे तुला सांगत बसत नाही. ते कळत नसतं तर तुझी झोप उडाली नसती.

मला या सगळ्यातली एकच गोष्ट कळते: वाट सोडायची.

उन्हाळ्यातली एक सकाळ सांगतो. तेव्हा मी नुसता हौशी फोटोवाला होतो. सांबराचा कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागल्याची हाक, चालू होता. बांबूतून वाघीण रस्त्याकडे येत होती, मागे दोन बछडे. रस्त्यापलीकडे पाणवठा. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, इथंच थांबू, समोरून ओलांडंल." मला उजेड चुकीच्या बाजूने येत होता. "पुढे घे," मी म्हटलं. त्याने घेतली, कारण टीप माझ्या खिशात होती. आमच्यामागून सफारीच्या आणखी दोन जिप्स्या सरकल्या. वाघीण थांबली, कान मागे गेले. एका बछड्याने तिच्या पोटाखालून डोकं काढून आमच्याकडे पाहिलं, आणि तिघंही वळून बांबूत शिरली. पाणी तीस पावलांवर होतं.

फोटो झकास आला. बरीच वर्षं दिवाणखान्यात टांगलेला होता. लोक म्हणायचे, काय नजर टिपलीय!

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्स्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना असंच अडवलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाइड-ड्रायव्हरांवर कारवाई झाली. सगळे त्या बिचाऱ्यांवर तुटून पडले. मागच्या सीटवर बसून 'पुढे घे' म्हणणाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही. मीही त्या दिवसांत गप्पच होतो.

पुढे मी लोकांना जंगलात न्यायला लागलो, तेव्हा नियम केला: जनावर रस्त्याकडे येताना दिसलं की गाडी मागे, इंजिन बंद. एका ग्रुपने पैसे परत मागितले. दुसऱ्याने चारचौघांत 'तुम्हाला धंदा कळत नाही' म्हणून सुनावलं. धंदा बसला, खरंय. पण गाडी मागे घेतल्यावर जनावर निवांत रस्ता ओलांडतं, कधी मधोमध बसतंही. हे माझ्याबरोबर आलेल्यांनीच पाहिलंय. मी हट्टी आहे म्हणतात. असेन. या एका बाबतीत मी चूक नव्हतो, एवढं तरी मला म्हणू दे.

आणि वाट म्हणजे फक्त सफारीचा रस्ता समजू नकोस. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून रेडिओ कॉलर लावलेला एक वाघ निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणात भटकत ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तीन हजार किलोमीटरहून जास्त चालला तो. शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडत. त्याला ना कोअर म्हणजे आतलं राखीव जंगल माहीत, ना बफर म्हणजे त्याभोवतीचा गावांचा पट्टा. पेंच व्याघ्रप्रकल्पाजवळ ४४ क्रमांकाचा महामार्ग उचलून घेतला आणि खालून जागा मोकळी ठेवली, तर त्या पुलांखालून वाघ आणि रानकुत्री जाताना कॅमेऱ्यात दिसली. म्हणजे वाट दिली की ती वापरतात. आता तुझ्या रिसॉर्टच्या मागची भिंत बघ. नाल्यात उतरलीय का? मालकाला विचारलंस का कधी? कोअरच्या वीस टक्क्यांहून जास्त भागात पर्यटन नको, हे २०१२ पासून कागदावर आहे. मग गर्दी गेटबाहेर दाटली आणि तिथं वाट कोण मोजतो?

गेटबाहेर माणसांचीही वाट आहे. चंद्रपूरकडच्या एका बफरच्या गावात मोह वेचणाऱ्या बाईंशी बोलत होतो. हात थांबले नाहीत त्यांचे. म्हणाल्या, "तुमी वाघ दिसावा म्हणून पैसे भरता. आमी दिसू नये म्हणून हात जोडतो." मान वर न करता बोलल्या, आणि टोपली पुढच्या झाडाखाली सरकवली. मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

तर, राहू का म्हणून विचारतोस. राहा. तू गेलास तर तुझ्या जागी येणारा टिपेपोटी 'पुढे घे' ऐकेल, आणि तू शहरात बसून व्याकूळ पोस्टी लिहिशील. त्यापेक्षा उद्याच्या पाहुण्यांना निघण्याआधीच सांग, आपण गाडी मागे घेणार आहोत. गेटवर नको, चहा पिताना सांग. तिथं लोक ऐकतात. ड्रायव्हरला टिपेचं आधीच बोलून ठेव, वाघ दिसो न दिसो. चार पाहुणे नाराज होतील. होऊ देत. एवढं सोसत नसेल तर मात्र खरंच परत जा.

आणि मार्चअखेरीस मोह गळायला लागला की तीन दिवस रजा टाकून बफरच्या एखाद्या गावात राहा. कॅमेरा नेऊ नकोस. तिथल्या बाया पहाटे अंधारातच निघतात, त्यामुळे चारचा गजर लाव.